पक्कड खाली ठेवायची जागा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एका पंख्याची मोटर उघडी होती. शाळेतून फोन आला. शिकवता शिकवता खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. मोटर तशीच टाकून मी निघालो.

ती भाषा शिकवायची. मी जळलेल्या मोटरींचं वायंडिंग करतो, म्हणजे नवी तार गुंडाळून मोटर भरतो. संध्याकाळी मी कामाला बसलो की ती मुलांचे निबंध वाचून दाखवायची. मत विचारायची नाही, फक्त माझ्या हातांकडे बघायची. जिथे मी पक्कड खाली ठेवून ऐकायला लागायचो, तिथे ती समासात बारीक रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगायची, ‘इथे तू खरं लिहिलंस. बाकीचंही असंच लिही.’

नंतर तिच्या जागी आलेले सर घरी आले. मुलांनी बाईंवर लिहिलेलं पुस्तिकेत छापायचं होतं, माझी परवानगी हवी होती.

‘वाचा,’ मी म्हटलं आणि तार गुंडाळायला घेतली.

बाई म्हणजे मायेचा सागर. बाई म्हणजे ज्ञानाचा दिवा. पुढच्या निबंधातही तोच सागर, तोच दिवा. पक्कड काही हातातून सुटेना. मला तिथेच शंका आली. यांनी फळ्यावर लिहून दिलं असणार आणि पोरांनी उतरवलं असणार. वर सर अर्धा चहा ठेवून उठले. खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं.

‘लगेच छापू नका,’ एवढंच बोललो.

समोरच्या शिंप्याची मुलगी त्याच वर्गात आहे. तोंड मिटत नाही म्हणून सगळे तिला चिमणी म्हणतात. ती बापाच्या मशीनची मोटर घेऊन आली, तेव्हा हिलाही सरांनीच पाठवलं असेल असं मला वाटलं.

‘खरं सांग, सरांनी सांगून लिहून घेतलं ना?’

‘छे हो काका! सर तर वैतागले. सगळ्यांचं एकसारखं कसं, म्हणाले. आम्हीच म्हटलं, राहू दे.’

‘का?’

‘तुम्ही ऐकणार ना. बाई खऱ्या कशा होत्या ते लिहिलं असतं, तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.’

‘कशा होत्या?’

‘रागावू नका हं. खडूस होत्या. मी एकदा लिहिलं, माझ्या आनंदाला पारावार उरला नाही. तर म्हणाल्या, ते राहू दे, आनंद झाला की तू करतेस काय? मी म्हटलं, एक एक पायरी गाळत जिना चढते. मग काय, सगळा वर्ग बाहेर काढला आणि स्वतः तसं चढून दाखवलं! वर जाऊन धापा टाकत म्हणाल्या, बरोबर आहे, हेच लिही.’

चिमणीने टेबलाकडे बघितलं. ‘काका, पक्कड पडली तुमची.’

‘हे लिही. सगळ्यांना सांग, पुन्हा लिहा. खडूससुद्धा लिहा.’

सरांची मी फोनवर माफी मागितली. चहा का टाकलात, तेही विचारलं.

‘अहो, साखरेच्या जागी मीठ पडलं होतं त्यात,’ सर म्हणाले.

नवे निबंध आलेत. छपाई माझ्यासाठी थांबली आहे. वाचून दाखवते, असं चिमणी रोज म्हणते, पण मी अजून हो म्हटलेलं नाही. गठ्ठा टेबलावर आहे, त्या दिवशीच्या उघड्या मोटरीशेजारी. मोटर भरायची राहिली आहे आणि निबंध ऐकायचे राहिले आहेत.