गियरपेटीवरचा नारळ

चाकूरजवळच्या फाट्यावर माणसं त्रेसष्ट होती, नारळ सात, लिंबं एकवीस आणि पांढरी मोटार एक. चपला काढायला लावलेली बाई एकच, अंजू. मे महिना, दुपारचे दोन.

मोजलं सुकन्याने. बीएस्सीच्या तीन वर्षांत तिला सवयच लागली होती, आधी मोजायचं, मग बोलायचं. अंजू तिची वहिनी. लग्नाला चार महिने झाले होते. नवी ऑटोमॅटिक मोटार आली, अमृतबाबांनी तिची पूजा केली, अंजू आत बसली आणि मोटार सुरूच झाली नाही. पुन्हा एकदा ग्रहशांती केली, पुन्हा तेच. आज तिसऱ्यांदा बंद पडली, तर अंजूने उदगीरला माहेरी जायचं आणि परत यायचं नाही, असं ठरलं होतं.

बाबांनी बॉनेट उघडलं.

"ही गियरपेटी म्हंजी लक्षुमीची बेंबी! अन् या पोरीच्या पत्रिकेत शनी न्यूट्रलला बसलाय. पुढं जाईना, मागं जाईना!"

बेंबीवर नारळ फुटला. पाणी आत झिरपलं. अंजू बसली. तिच्या नवऱ्याने, मल्लिनाथने, बटण दाबलं. समोरच्या पडद्यावर गियरचं अक्षर उमटेना. इंजिन ढिम्म.

"बघितलं? उतर गं. चाल त्या किलोमीटरच्या दगडापस्तोर. तू लांब गेलीस की गाडी मोकळी."

अंजू अनवाणी निघाली. दहा पावलांत ती टाचांवर आली.

"नाचायलीय की!" मागून कुणीतरी म्हणालं. माणसं खदखदून हसली. मल्लिनाथही हसला.

तासभर भजन चाललं. मग त्याने बटण दाबलं, आणि गाडी सुरू झाली. बाबांचा जयजयकार झाला.

"आई," सुकन्या म्हणाली, "मागच्या दोन्ही वेळा नारळ कुठं फोडला होता?"

"बेंबीवरच की," रत्नम्मा म्हणाल्या. "तुझं कॉलेज इथं नगं आणू."

सुकन्याने पिशवीतून व्होल्ट मोजायचा मीटर काढला. गियरपेटीवर अंगठ्याएवढा सेन्सर होता. गाडी कुठल्या गियरमध्ये आहे, हे तो गाडीतल्या कॉम्प्युटरला व्होल्टमध्ये कळवतो. उत्तर चुकलं की कॉम्प्युटर इंजिन सुरू होऊ देत नाही. त्याच्या प्लगचं रबर फाटलं होतं, पिना हिरव्या पडल्या होत्या. नारळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यातून वीज गळते. तासाभरात पाणी वाळलं की आकडा जागेवर येतो.

ती गाडी घेऊन दगडापाशी गेली, अंजूला आत बसवून परत आली. सगळ्यांसमोर तिने बटण दहा वेळा दाबलं. सेन्सरवर अडीच व्होल्ट, बरोबर आकडा. दहापैकी दहा वेळा इंजिन सुरू.

"आता बाबा, तुम्ही बसा तिच्या जागी."

"आम्ही कशाला?"

"बसा की वो!" त्रेसष्टांतले निम्मे ओरडले.

बाबा बसले. तिने प्लगवर अर्धा कप नारळपाणी ओतलं. शून्य पूर्णांक चार व्होल्ट. दहापैकी शून्य.

"बाबाच्या पत्रिकेतबी शनी घुसला!" पुन्हा तेच हसू. दोघांनी बाबांच्या चपला ओढल्या. "चालवा याला दगडापस्तोर!"

"सोडा!" सुकन्या कडाडली. "त्याच्यासाठी जादूटोण्याविरुद्धचा कायदा हाय, पोलीस येतील. तासापूर्वी तुम्ही तिला हसलात, आता याला. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, दर वेळी आणखी काय काय केलं होतं? त्यातली एकेक गोष्ट बदलून बघा. तोवर कुणाला शिक्षा करू नका."

दोघांनी चपला खाली टाकल्या. मल्लिनाथने गाडीचं दार उघडलं.

"अंजू, चल घरी."

"तुमच्या घरी?" अंजू म्हणाली. तिने नणंदेकडे पाहिलं. "ताई, उदगीरची यष्टी किती वाजता हाय?"

"चारला."

साडेतीन वाजले होते. सुकन्याने मीटरला तापमान मोजायची तार जोडली आणि तिचं टोक अंजू चालली होती त्या डांबरावर टेकवलं.

एकोणसाठ अंश सेल्सिअस.