वाकड्या अंगठ्यासाठी घडलेली मी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि सध्या मी भयंकर रागावलेली आहे. का, ते ऐका आणि मग मला दोष द्या.

माझा जन्म एका बोळातल्या लहानशा कारखान्यात झाला. मला घडवून घेणाऱ्या बाई गाणं शिकवत. लहानपणी त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा मोडला आणि वाकडाच जुळला. त्यामुळे दुकानातली कोणतीच गिटार त्यांना धरता येत नसे. माझ्या कारागिराने एका काठीवर ओली माती थापली आणि ती बाईंना घट्ट धरायला लावली. मातीत जसा ठसा उमटला, तशी त्याने माझी मान मागच्या बाजूने कोरली.

पुढे कितीतरी वर्षं मी बाईंच्या मांडीवर काढली. मुलं बेसूर गात, तेही मी निमूटपणे सांभाळून घेई. "बाई, काय गोड आवाज आहे हो हिचा!" असं कुणी म्हटलं की मी फुशारून जाई.

मग माझी एक खुंटी सैल झाली. बाईंचा पुतण्या मोठा प्रेमळ. काकूला न सांगता गिटार नवीकोरी करून आणू, असं त्याने ठरवलं आणि मला चौकातल्या मोठ्या दुकानात नेलं.

तिथल्या पारख्याने माझ्या पोटात डोकावून कंपनीचं नाव शोधलं. ते नव्हतंच. मग मानेवरून बोट फिरवून त्याने नाक मुरडलं.

"मागून खड्डा पडलाय. कुणीतरी नवशिक्याने केलेली दिसते. हिला कोण विचारणार?"

"पण काकू तर हीच वाजवते," पुतण्या चाचरत म्हणाला.

"सवय झाली असेल हो त्यांना. मान बदलू, वरून झकास पॉलिश मारू. मग बघा हिचा भाव!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, खड्डा कसला? एकदा तार छेडून तरी बघायची होतीस! स्वतःला पारखी म्हणवतोस आणि माझा एक सूरही ऐकत नाहीस? माझी कोरलेली मान भंगारात गेली, तिच्या जागी सरळसोट मान आली. माझी किंमत वाढली म्हणे. डोंबलाची किंमत!

"काकू, बघ तर खरं!" असं म्हणत पुतण्याने मला बाईंच्या मांडीवर ठेवलं. त्यांचा अंगठा माझ्या मानेमागे आपली जागा शोधू लागला. घसरला. पुन्हा शोधू लागला. एकही सूर धड लागेना.

"छान दिसतेय रे," बाई हसून म्हणाल्या. "आता तूच वाजवत जा."

"मला कुठे येते वाजवता?" तो म्हणाला.

मित्रांनो, कोणत्याही वस्तूला नावं ठेवण्याआधी ती कुणासाठी घडवली होती, एवढं तरी विचारत जा. मी आता भिंतीवर टांगलेली असते. येणारे-जाणारे माझी चकाकी वाखाणतात. आणि खाली बसून बाई मुलांना नुसत्या टाळीवर गाणं शिकवतात.