कच्चा टाका

सिनेमात बाईवर हात टाकायचा झाला की सगळ्यात आधी बाही फाटते, आणि कॅमेरा तिच्या खांद्यावर जाऊन बसतो. त्या बाह्या शिवणारी मी. त्यामुळे दिग्दर्शकसाहेबांचा निरोप आला, उद्याच्या शर्टाची डावी बाही कच्च्या टाक्याने जोड, तेव्हा मला नवल वाटलं नाही. पण पुढे म्हणे, शर्ट घालणाऱ्या पोरीला सांगायचं नाही. ती खरीखुरी घाबरली पाहिजे.

माझं डोकंच फिरलं. कपडे फाडायचे तर नटीला आधी विचारतात, आत दुसरा कपडा देतात. ही पोर नवी, आणि "माझ्या कपड्यांना कुणी हात लावायचा नाही," असं तिने पहिल्याच दिवशी बजावलेलं. म्हणजे हिला चारचौघांत उघडं पाडायचं आणि वर त्याला अभिनय म्हणायचं. वा रे वा!

ती शर्ट घालून बघायला आली तेव्हा मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग रागाने लाल झाला.

"मावशी, पक्की शिव," ती म्हणाली. "पुढचं मी बघते."

मी दुहेरी शिवण घातली, आतून पट्टी लावली. दोन बैल जुंपले असते तरी बाही हलली नसती.

खलनायकाचं काम करणारे काका तसे देवमाणूस. पोरीला कल्पना आहे, असंच साहेबांनी त्यांना सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर त्यांनी हिसका दिला, पुन्हा दिला. बाही ढिम्म. पोर किंचाळली नाही, नुसती बघत राहिली. साहेब भडकले, शर्ट कुणी शिवलाय म्हणून विचारलं. मी पुढे झाले. आत्ताच्या आत्ता उसव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं.

मी गळ्यातली कात्री काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"तुम्हीच उसवा की. फक्त आधी तिला विचारा."

पोरीला कुणी विचारलंच नव्हतं, हे काकांना तेव्हा कळलं. ते पोरीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ती हाताची घडी घालून साहेबांकडे बघत होती. साहेबांनी एकदा कात्रीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एवढा मोठा माणूस, पण तिच्या तोंडावर एवढं विचारणं काही जमेना.

शेवटी त्यांनी कात्री मला परत दिली. सीन बाहीसकट झाला, आणि कॅमेरा तिच्या डोळ्यांवर होता.