पापलेटांचा आलेख

"लांबी कशाला पायजे गो? खायचा हाय का सदरा शिवायचाय त्याला?"

गुणवंतीने पापलेटावर हात आडवा धरला, तशी समोर मोजपट्टी घेऊन उभी असलेली तिची नात ओशाळली. श्रेया सातवीत होती. शाळा सुटल्यावर दप्तरासकट ती थेट काळाचौकीच्या मार्केटात, आजीच्या ओट्यापाशी आली होती.

"आलेख करायचाय, आजी. टीचरांनी सांगितलंय. एकेक मासा मोजायचा, तेवढीच कागदाची पट्टी कापायची आणि बारक्यापासून मोठ्यापर्यंत ओळीने चिकटवायच्या. कोणी लालबागला गेलंय, कोणी दादरला. मी बोलले, माझी आजीच पापलेट विकते."

"कोण ही टीचर?"

"अनुजा टीचर. नवीन आल्यात गणिताला."

"नवरा काय करतो तिचा?"

"लग्न नाय झालं त्यांचं."

"मग भाऊ असेल फिशरीजात," गुणवंती म्हणाली आणि तिने शेजारच्या ओट्यावरच्या शेवंतीकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

उभा जन्म मासळीत गेलेल्या गुणवंतीने माणसांचे नाना नमुने पाहिले होते. कल्ले उघडून नाक मुरडणारे, भाव ऐकून देव आठवणारे, कोळंबीची सालं मांजरासाठी मागून नेऊन कालवण करणारे. पण पट्टी लावून मासा मोजणारा माणूस तिने एकच पाहिला होता, तो म्हणजे फिशरीजचा, मत्स्यखात्याचा साहेब. गेल्याच आठवड्यात भाऊच्या धक्क्यावर साहेब येऊन गेले होते. बारकं पापलेट विकताना सापडलात तर दंड, असं बजावून गेले होते. तेव्हापासून साध्या गिऱ्हाइकाने मोबाइल वर धरला तरी मार्केटातल्या बायका पदर सावरण्याआधी बारकी मासळी झाकत.

"पोरांना पुढे करतात नि मागून साहेब येतात," शेवंती पुटपुटली. "आमच्या वेळी नव्हती बाय असली गणितं."

गुणवंतीच्या पाटीत त्या दिवशी निम्मी पापलेटं बारकीच होती. टॉवरमधले मोठी नेत, पण चाळीतल्यांना रविवारी तेवढीच परवडत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिचं झालं. "पाणी मारते, बाजूला हो," म्हणत तिने बारकी पापलेटं थर्माकोलच्या बॉक्समध्ये सारली, वर बर्फ लोटला आणि झाकण लावून त्यावर ऐसपैस बसली.

"आता मोज."

श्रेयाने सगळं पाहिलं होतं. ओट्यावर उरलेली मोठी पापलेटं तिने मोजली, पट्ट्या कापल्या आणि निघून गेली. गुणवंतीला वाटलं, एक संकट टळलं.

पुढच्या आठवड्यात ती मार्केटातून घरी आली, तर सून दारातच उभी होती. सीमा एरवी सासूपुढे आवाज चढवत नसे.

"आई, शाळेतून फोन आलेला. बाकी सगळ्यांच्या पट्ट्या लहानमोठ्या आणि आपल्या श्रेयाच्या सगळ्या लांबच लांब. टीचरनी वर्गासमोर विचारलं, मासे खरंच मोजलेस का? तर ही बोलली, नाय, घरी बसून कापल्या. शनिवारच्या प्रदर्शनात तिचा आलेख लावणार नाहीत."

"डाव असेल. मला शाळेत बोलवायचा."

"कसला डाव? पोरगी खोटारडी ठरली भर वर्गात!"

श्रेया आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. गुणवंती तिच्याजवळ टेकली.

"मोजलेस ना तू? मग खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? आजी बॉक्सवर बसली होती म्हणून?"

गुणवंतीला लाज वाटली. पोरीचं ताट तिने स्वतः वाढून आणलं, पण पोरीने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शुक्रवारी धक्क्यावरून माल घेतला तो गुणवंतीने मार्केटात न नेता सरळ शाळेत नेला. वॉचमन वासावरून कटकट करू लागला, तेव्हा "मी मुख्याध्यापकांची मावशी," असं ठोकून देऊन ती जिना चढली. वर्गात फळ्याजवळ एक किडकिडीत मुलगी उभी होती. ह्याच त्या टीचर. गुणवंतीने आधी त्यांचे हात पाहिले, मग टेबलावरची पर्स पाहिली, मग दाराआड कोणी साहेब आहे का तेही पाहून घेतलं.

"फिशरीजात कोण हाय तुमचा?"

"माझं? कोणी नाही," टीचर गोंधळल्या. "बाबा बेस्टमध्ये होते."

गुणवंतीचा विश्वास बसला असं नाही. तरी तिने फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि पाटी रिकामी केली. तळहाताएवढी पापलेटं एकमेकांवर घसरत गेली.

"ही त्या दिवशी मी लपवलेली. म्हंजे ही नाय, असलीच. पोरीने होती तेवढी बरोबर मोजली. खोटं मी केलंय. आता मोजा."

वर्गात कोणी हसलं नाही. मुलं गुडघ्यांवर बसली, पट्ट्या कापल्या जाऊ लागल्या. टीचरांनी श्रेयाला जवळ घेतलं आणि सगळ्यांच्या देखत तिची माफी मागितली. मग एक मासा उचलून त्या म्हणाल्या, "मावशी, एवढी लहान?"

"आता हीच येतात. माझी सासू असती तर असलं पापलेट ओट्यावर मांडू दिलं नसतं तिने."

बुटक्या पट्ट्यांची लांब रांग आणि शेवटी थोड्या उंच पट्ट्या, असा श्रेयाचा आलेख पुरा झाला. टीचर अडखळत म्हणाल्या, "खाली माहिती कुठून घेतली ते लिहायचं असतं. पण तुमचं नाव नको. 'एक मासेविक्रेती' एवढं पुरे."

गुणवंती कागदाकडे बघत राहिली. उद्या तो हॉलमध्ये टांगणार. कोण कोण येईल, कोण फोटो काढील, कोणाचा कोण फिशरीजात असेल, सांगता येत नाही. टीचरांचाही काय भरवसा?

"आजी, नको," श्रेया हळूच म्हणाली.

"लिव तू. गुणवंती रामचंद्र वैती, काळाचौकी मार्केट."

श्रेयाने कंपासमधून पेन्सिल काढली.

"पेन्सिलीनं नको गो," गुणवंती म्हणाली. "पेनानं लिव."