डाळिंबाच्या बागेतलं घर

मानसिंगतात्यांचं डोकं एकदा तापलं की लवकर थंड होत नसे, आणि यंदा तर कारणही तसंच होतं. भगव्या जातीचं डाळिंब तोडणीला आलेलं, व्यापारी बाग बघून गेलेला, आणि नेमक्या त्याच आठवड्यात चोरांनी बांधाकडच्या ओळी साफ केल्या. तेही ओरबाडून नव्हे, तर कात्रीनं, देठ राखून, मार्केटला माल न्यावा तसं. तात्यांना चोरीइतकाच त्या सफाईचाही राग आला. पोलीस येऊन बघून गेले आणि पाठोपाठ पुन्हा चोरी झाली, तेव्हा त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं.

इंदापूरच्या रस्त्याला चहाच्या टपरीवर जो तो एकच सल्ला देत होता. विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरवरून थेट लाइन घ्या आणि कुंपणाच्या तारेत सोडा. तात्यांना ते पटलं होतं, पण माणूस कायद्याला भिणारा. त्यांनी बारामतीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या पुतणीला, राजलक्ष्मीला, फोन लावला आणि रानात घुसलेला चोर मेला तर काय होतं, असं सरळच विचारलं. नुसत्या चोरीपायी जीव घेता येत नाही, घेतलात तर जेलात जाल, असं ती म्हणाली. सूर्य मावळल्यावर कुणी घर फोडून आत शिरला तर गोष्ट वेगळी, पण तिथंही गरजेपुरताच मार, हेही तिनं समजावलं. तात्यांनी त्यातलं 'घर' आणि 'सूर्य मावळल्यावर' एवढंच उचललं आणि खुशीत फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी बागेत पत्र्याची खोली उभी राहायला लागली. शेगडी आली, अंथरुणं आली, देवांच्या तसबिरी आल्या. गावातलं चांगलं घर टाकून हे काय नवीन, असं लीलाबाईंनी विचारलं. आता आपण इथंच राहायचं, बाग म्हणजे आपलं अंगण आणि कुंपण म्हणजे घराची भिंत, असं तात्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं. मग भटजी बोलावून रीतसर वास्तुशांत घातली आणि भावकीला जेवण दिलं. चोराला मारता यावं म्हणून वास्तुशांत घालणारा तालुक्यातला हा पहिलाच माणूस असावा.

राजलक्ष्मी जेवायला आली आणि खिडकीखाली स्टार्टरशेजारी बसवलेलं बटण आणि तिथून कुंपणाकडं गेलेली वायर बघून तिचा घास हातातच राहिला. तिनं काकाला बाजूला घेतलं.

"तात्या, पूजा घालून रानाचं घर होत नाही. आणि तारेला माणूस ओळखता येत नाही. चोर असो, मेंढरामागं आलेला धनगर असो, नाहीतर तुमचा गडी असो, तिला सगळे सारखेच."

हवं तर दुकानात मिळतं ते झटका मशीन लावा, त्यानं माणूस हबकतो पण मरत नाही, असंही ती म्हणाली. तात्यांचं उत्तर तयार होतं. तार कायम चालू राहणारच नव्हती. ते स्वतः खिडकीतून बघणार, चोर आहे याची खात्री करणार आणि मगच बटण दाबणार होते. मग तर तो जाणूनबुजून केलेला खून ठरेल, असं पुतणीनं सांगितलं. वकिलासमोर डोलवायची असते तशी तात्यांनी मान डोलावली.

लीलाबाई वाढता वाढता सगळं ऐकत होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा त्या आपल्या बाजूनं आहेत असं तात्या धरून चालले. एवढ्या वर्षांच्या संसारात हीच चूक त्यांनी कितीदा केली असेल, कुणास ठाऊक.

पुढं काही दिवसांनी, दिवेलागणीची वेळ होती. लाइट होती, मोटार चालू होती. तात्या विहिरीवरून परत येत होते आणि त्यांना बांधाच्या कोपऱ्यात माणूस दिसला. खांद्यावर गोणी, हातात कात्री, एक पाय कुंपणाच्या आत. दुसऱ्या पायाची पँट तारेच्या काट्यात अडकली होती आणि तो ती सोडवत होता. ते चोराकडं नाही धावले, खोलीकडं धावले. आत शिरून त्यांनी बटणावर अंगठा ठेवला आणि नेम धरावा तसं खिडकीतून बाहेर बघितलं.

चोराच्या पलीकडं, थोड्याच अंतरावर, लीलाबाई उभ्या होत्या. अनवाणी, पाणी पाजलेल्या ओल्या मातीत. दोन्ही मुठींनी त्यांनी कुंपणाची वरची तार धरली होती. चोराकडं त्यांचं लक्षच नव्हतं. त्या खिडकीकडं बघत होत्या.

"दाबा आता," त्या म्हणाल्या.

तात्यांनी बाजूला हो म्हणून ओरडून सांगितलं.

"न्हाय व्हत. ह्यो चोर हाय, मला बी दिसतंय. धरा त्याला, पोलिसात द्या. पर जीवच घ्यायचा तर माझ्यापासनं सुरू करा."

तारेत काय आहे ते चोराला आत्ता कळलं. तो तसाच, एक पाय वर धरून, थिजला. तात्यांचा अंगठा बटणावर होता. आयुष्यभर ते या बाईला हुकूम सोडत आले होते आणि ती डोक्यावरचा पदर सावरत आपल्याला हवं तेच करत आली होती. पण इतकी मोठी ती त्यांना कधी दिसली नव्हती. त्यांनी हात मागं घेतला, स्टार्टरचा फ्यूज उपटला आणि मगच बाहेर आले.

शेजारच्या रानातला संभाजी आणि त्याचे गडी धावत आले. चोराचं नाव लखन निघालं, लांबच्या गावचा, कितीतरी बागांत हात मारलेला. तात्यांनी त्याच्या दोन मुस्काटात दिल्या आणि तिसरी स्वतःच आवरली. पोलिसांची गाडी त्याला घेऊन गेली. केल्याचं फळ त्याच्या पदरात पडणारच होतं.

सगळे पांगल्यावर नवराबायको खोलीच्या पायरीवर बसले.

"तुला भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पाय लटपटत व्हते. तार धरलेली म्हणून उभी ऱ्हायले."

तात्यांनी खाली मान घालून विचारलं, "आन म्या दाबलं असतं तर?"

लीलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"तर मरताना का हुईना, कळलं असतं मला, कुणासंगं संसार केला त्ये."

तात्या उठले आणि पक्कड घेऊन कुंपणाकडं निघाले. बॅटरी धरायला लीलाबाई मागोमाग गेल्या. वायर तोडताना तात्या रडत होते, आणि बायकोनं तोंडावर उजेड धरला तरी त्यांनी तोंड फिरवलं नाही.