परतठोका

सोमशेखरनं आधी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले आणि मगच बेल वाजवली. बूट पायांत असते तर दार उघडायच्या आत आपण जिना उतरून गेलो असतो, हे त्याला ठाऊक होतं.

आसिफच्या आईनं, खातूनबींनी, कडी काढली.

"अरे, सोमू! केवढ्या दिवसांनी रे. आई कशी हाय?"

"बरी आहे, चाची. आसिफ आहे का घरात?"

"गच्चीवर हाय. आज पाण्याचा दिवस, आन्‌ मोटारच बंद पडली बघ. तू बस, मी बोलावते. चहा टाकते. तुझं पातेलं येगळंच ठेवलंय अजून."

चौथीत असताना सोमशेखरच्या आजीनं त्याला विचारलं होतं, आसिफच्या घरी चहा कुठल्या भांड्यात करतात म्हणून. त्यानं ते जसंच्या तसं इथं येऊन सांगितलं होतं. खातूनबींना राग आला नव्हता. त्यांनी फळीवरचं एक ॲल्युमिनियमचं पातेलं राखेनं घासलं आणि त्याच्यासाठी बाजूला काढलं. त्या गोष्टीला आता तेवीस वर्षं झाली होती.

"मीच वर जातो," तो म्हणाला.

आसिफ टाकीच्या सावलीत उकिडवा बसून मोटारीचे नट आवळत होता. त्यानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा पान्याकडं लक्ष दिलं.

"दहा नंबरचा पाना दे की जरा. तुझ्या पायापाशी हाय."

सोमशेखरनं पाना दिला. चौदा महिन्यांत दोघांमधलं हे पहिलं बोलणं होतं.

त्याआधी सहा वर्षं ते दर रविवारी भेटत. भवानी पेठेत रुद्रप्पाच्या दुकानावर एक रिकामी खोली होती. तिथं पाच जण एका टेबलाभोवती बसत आणि फासे आणि कागद घेऊन खेळत. एकानं एका जगाची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं आणि आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासे ठरवत. त्यांच्या खेळातल्या जगात ताऱ्यांमधून फिरणारी यानं होती आणि मंत्रही होते. गोष्ट सांगायचा सोमशेखर. आसिफ खेळायचा आणि कुरकुरायचा.

"तलवार तुटली की नवी घ्यायची, हे काय बरोबर न्हाय," तो म्हणायचा. "तोडमोड झाली तर दुरुस्ती पायजे. ह्याचा दस्ता त्याला बसला पायजे."

तो एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. मूळ खेळाच्या नियमांत हत्यारं आयती मिळत. आसिफनं शंभर पानी वही घेतली आणि हत्यारांचे सुटे भाग लिहायला सुरुवात केली: दस्ते, गाभे, नळ्या, स्प्रिंगा. कुठला भाग कशाला बसतो, बसवला तर काय कमावतो, काय गमावतो. एक नळी होती, तिला आधीच्या मालकाची सवय लागलेली असायची. त्याचा नेम मिळायचा आणि त्याची भीतीही. एक गाभा खोटं बोललं की थंड पडायचा. आणि एक होता परतठोका. तो हत्याराला लावला की समोरच्याला जेवढं लागेल त्याच्या निम्मं झाडणाऱ्याला लागायचं, तेही आधी. हा भाग कोण कशाला बसवेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण दोनच महिन्यांत खेळणाऱ्या चौघांनीही तो बसवून घेतला होता.

सोमशेखर एका टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम बघायचा. त्यानं ती वही घरी नेली, इंग्रजीत आणली, प्रत्येक भागाचं चित्र काढलं, पानं लावली. तीन महिने लागले. हे काही थोडं काम नव्हतं, आणि पुढचं सगळं याच एका वाक्याच्या आधारानं झालं. असे घरगुती नियम लोक जिथं फुकट ठेवतात त्या साइटवर लेखकाच्या नावाची एकच चौकट होती. त्यानं स्वतःचं नाव टाकलं. आसिफचं आतल्या पानावर घालू, असं त्याच्या मनात होतं. मग पत्रं यायला लागली, कुठून कुठून. पुण्याच्या एका संमेलनात त्याला बोलावलं आणि परतठोक्यावर अर्धा तास बोलायला लावलं. आतलं पान राहूनच गेलं.

एका रविवारी त्यानं ते फोनवर आसिफला दाखवलं. आसिफनं शेवटपर्यंत बघितलं. मग बोटानं सावकाश पुन्हा पहिल्या पानापर्यंत आला, तिथं थोडा थांबला आणि फोन परत दिला.

"अक्षर चांगलं निवडलंस," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. ओव्हरटाइम आहे, असं त्यानं कळवलं. त्यानंतर कळवलंही नाही.

"हे बघ," सोमशेखर आता म्हणाला. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "पहिलं पान बदलतोय. आज संध्याकाळी चढवतो. आधी तुला दाखवावं म्हटलं."

आसिफनं हात फडक्याला पुसले आणि कागद कडांनी धरला, ग्रीस लागू नये म्हणून. वर 'आसिफ लालसाब शिकलगार' होतं. खाली, बारीक टायपात, 'मांडणी आणि चित्रं: सोमशेखर'.

"नको," तो म्हणाला.

"नको म्हणजे?"

"इफ्राला नेटवर सापडलं ते. रमजानच्या आधी. माझी वही तिनं बघितलेली. येऊन विचारायला लागली, भाई, हे तर सगळं तुझ्या वहीतलं हाय. अम्मी तितंच बसलेली."

"मग?"

"मी सांगितलं, सोमू सांगायचा आन्‌ मी उतरवून घ्यायचो. त्याचं अक्षर घाण हाय."

सोमशेखर कठड्याला टेकला. खाली गल्लीत बायका प्लास्टिकच्या घागरी ओळीनं लावत होत्या.

"असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? तुला अम्मीनं आपल्या हातानं जेवायला घातलंय. तिच्या तोंडावर तुला चोर म्हणू?"

तो शब्द त्यानं जोर देऊन उच्चारला नाही. पान्याचा नंबर सांगावा तसा सांगितला.

"मी चुकलो, आसिफ. रोज म्हणायचो, उद्या घालू. मग इतके दिवस झाले की घालायचीच लाज वाटायला लागली."

आसिफनं कागदाची घडी होती तशी केली आणि परत दिली.

"मी खाली जाऊन सांगतो," सोमशेखर म्हणाला. "मीच सांगतो त्यांना. आत्ता."

"सांग की. मी काय तुला धरून ठेवलंय?"

आसिफनं बटण दाबलं. मोटार गुरगुरली, थरथरली आणि चालू झाली. पाइपात पाणी चढल्याचा आवाज येईपर्यंत तो तिच्यावर हात ठेवून बसून राहिला.

खाली चहा झाला होता. आसिफची धाकटी बहीण इफ्रा आतल्या खोलीतून धावतच आली. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होती ती. हातात स्पायरल बांधलेली रंगीत प्रिंट.

"सोमूभाई! मी भाईला किती वेळा म्हटलं, त्यांना बोलवा. आमच्या हॉस्टेलच्या मुली खेळतात माहितीये का? तुमचेच पार्ट वापरतो आम्ही. शाइस्तानं बंदुकीला परतठोका लावला आणि तीन आठवडे एक गोळी झाडली नाही! म्हणते, आधी बोलून तर बघू त्यांच्याशी." ती हसली. "कसं सुचलं हो तुम्हाला?"

सोमशेखरनं कप खाली ठेवला. आसिफ जिना उतरून दारात आला होता. तिथंच, चौकटीला टेकून, नखांतलं काळं काढत उभा राहिला.

"मला नाही सुचलं, इफ्रा. हे सगळं आसिफचं आहे. एकूण एक भाग. मी फक्त चित्रं काढली. नाव टाकताना माझं टाकलं, त्याचं टाकलं नाही."

इफ्रानं भावाकडं बघितलं, मग पुन्हा त्याच्याकडं, आणि टाळी वाजवली.

"बघ अम्मी! भाई म्हणालाच होता की, सोमूला विचारलंस तर तो सगळं माझ्यावर ढकलेल, त्याला मोठेपणा घेता येत नाही."

"नाही, ऐक. खरंच सांगतोय." त्याचा आवाज चढला. काही पुरावा हवा होता, आणि पुरावा म्हणून त्याला एकच गोष्ट आठवली. "परतठोका आसिफला कुठून सुचला, मला माहीत आहे. लालसाबचाचांवरून. धार लावून झाली की चाचा पातं आधी स्वतःच्या अंगठ्यावर बघायचे. कात्री असो, सुरी असो. म्हणायचे, दुसऱ्याच्या हातात देण्याआधी किती लागतं ते आपल्याला कळू दे. त्यांच्या अंगठ्यावर सगळ्या बारीक रेघा होत्या. आसिफनं ते मनात ठेवलं. त्याच्या अब्बांचं आहे ते. माझं कसं असेल?"

इफ्राच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. खातूनबींनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "असंच म्हणायचे. ह्याच शब्दांत. मी इसरूनच गेले होते." त्यांनी पुढं होऊन सोमशेखरच्या डोक्यावरून हात फिरवला. मग दाराकडं बघितलं. "ऐकलंस का रे आसिफ? पोटच्या पोरांनी कधी नाव काढलं न्हाय, आन्‌ ह्या पोरानं अब्बाचं बोलणं एवढं जपलं. पुस्तकात घातलं."

"चाची, मी नाही, तसं नाही ते..."

"गप. चहा निवला, दुसरा आणते."

सोमशेखरनं आसिफकडं बघितलं. एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द आता फक्त त्याच्याकडंच होता. नखांकडं बघत आसिफ म्हणाला, "अम्मी, मला बी आण अर्धा कप."

इफ्रानं डोळे पुसले होते. तिनं प्रिंटचं पहिलं पान उघडून सोमशेखरच्या मांडीवर ठेवलं आणि कॉलेजच्या बॅगेतून पेन काढलं.

"सही द्या ना. माझ्या नावानं."

त्यानं पेनाला हात लावला नाही.

"कर की," आसिफ दारातून म्हणाला. "थांबलीये ती."

सोमशेखरनं पेन घेतलं. 'इफ्रास' लिहिलं, एक स्वल्पविराम दिला, आणि पेन कागदावर तसंच टेकून राहिलं. तिथं शाईचा ठिपका मोठा व्हायला लागला.

"आता खाली तुमचं नाव," इफ्रा म्हणाली आणि जागा बोटानं दाखवली.