ताईच्या स्वयंपाकघरातली आजारी भिंत

ताईच्या स्वयंपाकघरात मावतात चार माणसं, त्या दिवशी होती चौदा. शेजारीण तर जागा नाही म्हणून ओट्यावरच बसली होती. सगळे बघत होते सिंकमागची ओल आलेली भिंत, आणि त्या भिंतीला डॉक्टरची नळी लावून उभा असलेला भिंतवैद्य. धंद्याने घरदुरुस्तीचा कंत्राटदार. भिंतवैद्य हे नाव लोकांनीच दिलेलं, त्याने आनंदाने मिरवलेलं.

"हिला आतून ताप आहे," तो डोळे मिटून म्हणाला. "भिंत बोलते हो, ऐकणारा पाहिजे. तुम्ही वरून रंग फासता. तिला काय वाटत असेल?"

मग त्याने पटाशीने बोटभर खोल खरवडलं आणि निळ्या झाकणाच्या बाटलीतलं पाण्यासारखं औषध फवारलं. भिंत भडक गुलाबी झाली. रंग ओघळत खाली आला तशी शेजारीण गपकन ओट्यावरून उतरली.

"रोग वर आला," भिंतवैद्य हळू आवाजात म्हणाला. बाजूलाच दुसरा चरा पाडून त्याने डब्यातलं पांढरं 'सत्त्व' चोळलं आणि पुन्हा फवारलं. डाग नाही. "ही नुसती मलमपट्टी. रोग हाडात शिरलाय. भिंत पाडून सत्त्वाने नवी बांधावी लागेल. सोमवारी माणसं आणतो."

ताई, माझी थोरली बहीण, बत्तीस वर्षं नर्स होती. खऱ्या डॉक्टरांना तिने भर वॉर्डात सुनावलंय. पण या नळीपुढे तिने मान डोलावली. निवृत्तीनंतर हातात आलेलं सगळं त्या भिंतीत जाणार होतं.

आता मी. लोकांच्या कानातून नाणी काढणं, व्याह्यांच्या चपला झाडावर टांगणं, यात माझी पन्नाशी उलटली. त्यामुळे कोणी बोलायला लागलं की मी तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघतो. दुसऱ्या फवाऱ्याच्या वेळी याचा हात पिशवीत जाऊन आला होता. बाटली तशीच, पण झाकण पांढरं. मी मदतीचा आव आणून निळ्या बाटलीचं तोंड रुमालाने पुसून दिलं.

घरी रुमाल साबणाच्या पाण्यात टाकला आणि तो गुलाबी झाला.

"अगं, धाव. रुमालाच्या हाडात रोग शिरलाय."

बायको शाळेत विज्ञान शिकवते. तिने वह्या तपासता तपासताच सांगितलं, "फिनॉल्फ्थॅलीन. नववीला प्रयोगच आहे. साबण, चुना, सिमेंट, कशावरही टाका, गुलाबी होतं. पूर्वी जुलाबाच्या गोळ्यांत घालायचे."

म्हणजे या गड्याने ताईच्या भिंतीला जुलाब दिला होता. मी पोट धरून हसलो आणि तसाच ताईकडे पळालो.

ताई हसली नाही. "रबरी पाल माझ्या डब्यात कोणी टाकली होती?"

"मी. पण ताई, हे खरं आहे."

"तेव्हाही तू हेच म्हणाला होतास. हे बघ, मी काही डोळे झाकून माणूस धरला नाही. जुनं गिऱ्हाईक शोधलं, त्याला विचारलं. तुझा लांब्याच सांगतो, त्याची भिंत यानेच बरी केली. तो तुझ्यासारखा टवाळ नाही."

लांब्या माझा शाळेपासूनचा दोस्त. बिचारा फसलाय आणि त्याला पत्ताच नाही, असं मला वाटलं.

"मग त्याची भिंत तरी बघू," मी म्हणालो.

रविवारी सगळे लांब्याच्या घरी, भिंतवैद्यही. बऱ्या झालेल्या भिंतीवर वीतभर जागा बिनरंगाची ठेवली होती, खास पाहुण्यांना दाखवायला. भिंतवैद्य नळी लावून डोळे मिटून उभा राहिला, तेवढ्यात मी त्याच्या पिशवीतल्या दोन्ही बाटल्यांची झाकणं अदलाबदल केली. मला चार सेकंद पुरतात.

"बघा ताई, रोगाचा मागमूस नाही," म्हणत त्याने चरा पाडला आणि पांढऱ्या झाकणाची बाटली फवारली.

भिंत गुलाबी झाली.

"रोग उलटला वाटतं," तो पुटपुटला. "कोणाची तरी नजर..."

बायकोने त्याच्या हातातून बाटली काढून घेतली आणि सत्त्वाच्या डब्यात फवारली. सत्त्व गुलाबी. बाहेरच्या नव्या सिमेंटच्या पायरीवर विटेने घासून फवारली. पायरी गुलाबी.

"पांढरं सिमेंट आहे हे सत्त्व," ती ताईला म्हणाली. "आणि दुसऱ्या बाटलीत साधं पाणी. गुलाबी होणं हा रोग नाहीच. सिमेंट धडधाकट असलं की ते असंच गुलाबी होतं. तुमची भिंत चांगली आहे, वन्सं."

भिंतवैद्य नळी गुंडाळायला लागला. मी टाळीसाठी लांब्यापुढे हात केला. त्याने हात पुढे केला नाही. त्याला आश्चर्यही वाटलेलं दिसेना.

"तुला माहीत होतं?"

"बाथरूम फुकट करून दिलं त्याने," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नुसतं हो म्हणायचं होतं रे. तू नाही का लोकांना गंडवत?"

मी पुढे केलेला हात खिशात घातला.

ताई लांब्यासमोर जाऊन उभी राहिली. "तुला कांजिण्या आल्या तेव्हा मी रात्री जागले होते. मी तीनदा विचारलं तुला. तीनदा."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने वरच्या टाकीचा नळ बंद ठेवायला सांगितला, सिंकमागचा पाइप चाचपला आणि झिजलेला सांधा ताईच्या हातात दिला. आठवड्यात भिंत सुकली.

पाणी खालीच वाहतं, आणि कुठून तरी येतं. कंत्राटदाराला तेवढंच विचारा: कुठून येतंय, दाखव. दाखवता आलं नाही तर पटाशी लावू देऊ नका. औषध फवारलं तर तेच औषध तुमच्या हाताने दुसऱ्या भिंतीवरही फवारून बघा. आणखी दोघांना बोलावून मत घ्या. जुन्या गिऱ्हाइकाकडे जरूर जा, पण ते गिऱ्हाईक कंत्राटदाराने दाखवलेलं नको, तुम्ही शोधलेलं हवं. आणि शब्दाच्या बदल्यात त्याला काय मिळालं, तेही तोंडावर विचारा. जिवलग असेल तर लाज वाटेल. तरी विचारा. मी विचारलं नाही.